पावसाच्या रानातील एक मुक्काम



वैशाखाच्या ऐन उन्हाळ्यात, मंडपातले पंखे गरम वारा फिरवीत असताना, आम्ही आपल्यापुढे पावसाने भिजलेल्या एका थंड रानाविषयी बोलण्यास उभे आहोत. विषय ऐकून कोणी म्हणेल की, हे रान सातासमुद्रांपलीकडचे. त्याचे आम्हांस काय? हा प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचे उत्तर आधी देतो.

आज आपल्या गावातून असे घर काढणे कठीण की ज्यातला मुलगा, मुलगी, भाचा किंवा पुतण्या परदेशी नाही. अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात सिअ‍ॅटल नावाचे शहर आहे. तेथे आणि आसपास संगणकाच्या धंद्यात पुष्कळ मराठी मंडळी स्थायिक आहेत. उन्हाळ्यात त्यांचे आईवडील त्यांच्याकडे जातात. मुलगा सुटी काढतो आणि म्हणतो, "बाबा, येथून मोटारीने चार-एक तासांवर मोठे सुंदर जंगल आहे. एक रात्र तंबूत राहू." बाबांनी तरुणपणी राजगड-तोरणा पालथा घातलेला असतो. ते म्हणतात, "चला, त्यात काय!" आमचे आजचे सगळे व्याख्यान या "त्यात काय" विषयी आहे.

प्रथम हे रान कसले, ते पाहू. वर्षावन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे विषुववृत्ताजवळची दमट, उष्ण अरण्ये येतात. परंतु समशीतोष्ण प्रदेशातही वर्षावने आहेत. उत्तर अमेरिकेचा पॅसिफिक किनारा, दक्षिण चिली, न्यूझीलंड, टास्मानिया अशा ठिकाणी, समुद्रावरचे बाष्प डोंगरांस अडते तेथे ती वाढली. त्यांतले एक नमुनेदार रान सिअ‍ॅटलच्या पश्चिमेस, ऑलिंपिक नावाच्या द्वीपकल्पावर, हो नदीच्या खोऱ्यात आहे. नदीचे नाव ऐकून आपणांस हसू येईल, पण ते खरोखरच "हो" असे आहे, आणि तेथील एका मूळ रहिवासी जमातीचेही तेच नाव आहे. १९०९ साली अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी या डोंगराळ मुलखास राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा दिला, १९३८ साली त्याचे राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९८१ साली ते जागतिक वारसा म्हणून नोंदले गेले.

या खोऱ्यात वर्षाला सरासरी १४० इंच पाऊस पडतो. पश्चिमेकडून आलेले ढग ऑलिंपिक पर्वतावर चढतात, थंड होतात आणि रिकामे होतात. पर्वताच्या पलीकडे ईशान्येस सेक्विम नावाचे गाव आहे. तेथे जेमतेम १६ इंच पाऊस. महाबळेश्वराहून वाईस आणि वाईहून पुढे माणदेशाकडे उतरणाऱ्या माणसास हा चमत्कार समजावून सांगावयास नको. सह्याद्रीने जे केले तेच तेथे ऑलिंपिकने केले आहे.

त्या पावसावर सिट्का स्प्रूस, हेमलॉक, सीडर अशी झाडे पोसली आहेत. त्यांतली काही तीनशे फुटांच्या घरात जातात आणि कित्येक शतके उभी असतात. मेपलच्या फांद्यांवर शेवाळाच्या अशा जाड झुली लोंबतात की मूळ फांदी शोधावी लागते. असा एखादा वृक्ष कोसळला म्हणजे त्याचे काम संपत नाही. त्याच्या आडव्या खोडावर बिया रुजतात, कारण जमिनीवर नेचे आणि शेवाळ यांची इतकी दाटी असते की रोपास जागा मिळत नाही. पुढे खोड कुजून नाहीसे होते आणि त्याच्या अंगावर वाढलेली झाडे सरळ ओळीत, मुळांचे पाय टेकून, उभी राहतात. कोणी लावली नसताना एका रांगेत उभी राहिलेली ती झाडे आम्ही पाहिली आहेत. तेव्हा तेथे जाऊ नका, असे सांगण्याचा आमचा हेतू मुळीच नाही. जरूर जावे. पण कसे जावे, एवढेच सांगावयाचे आहे.

पावसाशी आपली ओळख जुनी आहे. महाबळेश्वरास हो खोऱ्याहून पुष्कळ अधिक पाऊस पडतो. आषाढात किल्ल्यावर जावे, दिवसभर चिंब व्हावे, खाली येऊन गरम भजी आणि चहा घ्यावा, यात आपणांस आनंदच वाटतो. पावसात भिजणे हा आपल्याकडे सण आहे. सर्दीपलीकडे त्याने सहसा काही होत नाही. परंतु आपला पाऊस उबदार हवेतून पडतो. हो खोऱ्यातला पाऊस मुख्यत्वे शरद, हिवाळा आणि वसंत या काळातला. जुलै-ऑगस्टात तो सर्वांत कमी असतो, आणि तेव्हाही तेथील रात्री गार असतात. पावसाळी दिवसांत हवा पाच-दहा अंश सेल्सिअसच्या आसपास रेंगाळते. बर्फ पडत नाही, म्हणून भीती वाटत नाही. आणि खरा धोका नेमका येथेच आहे.

कोरड्या हवेपेक्षा पाणी अंगातली उष्णता सुमारे पंचवीसपट वेगाने वाहून नेते. कपड्याची ऊब म्हणजे त्यात अडकलेली हवा. कपडा भिजला की हवेची जागा पाणी घेते. सुती कपडा पाणी पितो आणि सोडीत नाही. लोकर भिजली तरी थोडीफार ऊब राखते. त्यात वारा सुटला आणि पाय थकले, म्हणजे शरीर जितकी उष्णता निर्माण करते त्याहून अधिक गमावू लागते. शरीराचे आतले तापमान ३५ अंशांखाली घसरले की डॉक्टर त्याला हायपोथर्मिया म्हणतात.

हे केवळ पुस्तकी नाही. १९६४ सालच्या मार्च महिन्यात इंग्लंडातील पीक डिस्ट्रिक्टच्या माळरानावर स्काउटांची एक लांब पल्ल्याची चालण्याची स्पर्धा झाली. तेथे ना हिमशिखर होते, ना कडा. पाऊस, वारा आणि थंडी होती. तीन धडधाकट तरुण त्यात दगावले. एव्हरेस्टच्या १९५३ च्या यशस्वी मोहिमेत शरीरशास्त्रज्ञ म्हणून काम केलेले ग्रिफिथ प्यू यांनी या मृत्यूंचा अभ्यास केला. ओले कपडे, वारा आणि थकवा ही तीन एकत्र आली की निरोगी माणूसही काही तासांत कोसळू शकतो, हे त्यांनी लोकांच्या ध्यानी आणून दिले. एव्हरेस्टवर काय घालावे याचा विचार करणाऱ्या माणसास इंग्लंडातल्या माळावरच्या मृत्यूंचा विचार करावा लागला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

आता योजनेकडे वळू. योजना म्हणजे सामानाची यादी, असा एक समज आहे. यादी हवीच, पण आमच्या मते योजना म्हणजे काही निर्णय घरी, कोरड्या अंगाने आणि भरल्या पोटी घेऊन टाकणे. भिजलेला, गारठलेला माणूस चांगला निर्णय घेऊ शकत नाही, कारण थंडी आधी हातांवर आणि मग बुद्धीवर बसते. तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे आपल्या वाडवडिलांनी सांगितलेच आहे.

पहिला निर्णय काळाचा. प्रथमच जाणाऱ्याने जुलैचा उत्तरार्ध किंवा ऑगस्ट निवडावा. तेव्हा दिवस लांब असतो, रात्री नऊच्या सुमारापर्यंत उजेड राहतो. डिसेंबरात त्याच ठिकाणी दुपारी साडेचारच्या आत सूर्य मावळतो, आणि दाट झाडीखाली अंधार त्याहीपूर्वी येतो. उन्हाळ्यात गेलो म्हणून पाऊस नाहीच, असे मात्र समजू नये. आणि पाऊस थांबला तरी ते रान गळत राहते. वरचे शेवाळ आपले पाणी सावकाश खाली सोडीत असते.

दुसरा निर्णय अंतराचा. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण येथे अक्षरशः लागू पडते. हो नदीच्या काठाने जाणारी पायवाट १७ मैलांहून थोडी लांब आहे आणि हिमनदीच्या जवळ ग्लेशियर मेडोज येथे संपते. एका रात्रीच्या प्रवाशाने तो हव्यास धरू नये. पाच मैलांवर फाइव्ह माइल आयलंड म्हणून मुक्कामाची जागा आहे. तेथवर वाट बहुतेक सपाट आहे. स्कॉटलंडच्या विल्यम नेस्मिथ याने १८९२ साली हिशेब घालून दिला होता: सपाटीवर तासाला तीन मैल, आणि दर दोन हजार फूट चढास एक तास अधिक. पण तो हिशेब दमदार माणसाचा. पाठीवर ओझे, पायाखाली चिखल, बरोबर साठीचे आईवडील, म्हणजे तासाला दीड-दोन मैल धरावेत. पाच मैलांस तीन तासांहून थोडा अधिक वेळ. दुपारी चारच्या आत तंबू उभा राहावयाचा, तर बाराच्या आत पावले पडली पाहिजेत.

तिसरा निर्णय चौकशीचा. या उद्यानात रानात मुक्काम करण्यास परवाना लागतो आणि तो आगाऊ घ्यावा लागतो. परवान्याबरोबर रस्त्याचीही चौकशी करावी. २०२४ च्या डिसेंबरात पुराने हो खोऱ्यात जाणारा एकमेव रस्ता तुटला आणि तो २०२५ च्या मे महिन्यात पुन्हा सुरू झाला. ज्या नदीचे ते खोरे, ती रस्त्याची भीड का धरील? नदी हिमनदीच्या पाण्यावर चालते. उष्ण दिवसांत दुपारनंतर बर्फ वितळून तिचे पाणी वाढते, म्हणून वाळूच्या मोहक पट्ट्यावर अगदी पाण्याजवळ तंबू ठोकू नये. वाळलेल्या फांदीखाली किंवा कललेल्या झाडाखालीही नको. तंबू ठोकण्यापूर्वी एकदा वर पाहावे.

चौथा निर्णय कपड्यांचा, आणि हा सर्वांत कठीण. प्रत्येकाने कपड्यांचे दोन जोड न्यावेत. एक चालण्याचा, तो भिजणार, असे गृहीतच धरावे. दुसरा निजण्याचा: लोकरी किंवा कृत्रिम धाग्याची बंडी, पायजमा, मोजे, टोपी. हा दुसरा जोड आणि झोपण्याची पिशवी जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून सॅकच्या पोटात ठेवावी. सॅकवर नुसते पावसाळी आवरण घालून भागत नाही, कारण पाणी पाठीच्या बाजूने आत शिरते. पिसांची झोपण्याची पिशवी हलकी असते, पण ती भिजली की तिचा चोथा होतो. तेथे कृत्रिम भरणाची पिशवी बरी. हा सुका जोड तंबूत शिरल्यावर घालावा, आणि सकाळी निघताना तो उतरवून पुन्हा तेच ओले, गार कपडे अंगावर चढवावेत. ऐकताना सोपे वाटते. पहाटे करून पाहा! आईच्या हाताचा उबदार स्वेटर उतरवून ओला सदरा घालणे कोणासही नकोसे होते. पण त्या स्वेटरातच चालावयास लागलात आणि तो भिजला, तर पुढच्या अडचणीत अंगावर घालण्यास कोरडे काही उरत नाही. चालू लागल्यावर दहा मिनिटांत ओला सदरा अंगाच्या उबेने सुसह्य होतो.

पाचवा निर्णय अन्नाचा. शेकोटीच्या भरवशावर राहू नये. त्या रानात लाकूड वर्षभर ओले असते. लहान गॅसचा स्टोव्ह न्यावा. परंतु तो बंद तंबूत पेटवू नये, कारण त्याच्या विषारी वायूस वास नसतो. लवकर शिजणारे न्यावे: भाजलेल्या रव्याचा उपमा, पोहे, मुगाची खिचडी. वाटेत तोंडात टाकण्यास चिक्की, गूळ, खजूर. भूक लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे खात राहावे, कारण अंगातल्या भट्टीस सरपण तेच. नदीचे पाणी कितीही निर्मळ दिसले तरी गाळून शुद्ध करावे किंवा एक मिनिट खळखळ उकळावे. त्या रानात काळी अस्वले आहेत. अन्न, कचरा, साबण, दात घासण्याची पेस्ट, ज्याला म्हणून वास आहे ते सारे अस्वलास न उघडणाऱ्या डब्यात ठेवावे, किंवा जमिनीपासून बारा फूट उंच आणि खोडापासून दहा फूट दूर टांगावे. तुपाचा डबा उशाशी घेऊन निजू नये, हे वेगळे सांगणे न लगे. एल्क नावाची मोठी हरणे दिसतील. त्यांच्यापासून पन्नास यार्ड दूर राहावे, असा उद्यानाचा नियम आहे.

सहावा निर्णय कागदावर लिहावयाचा. कोठून निघणार, कोठे राहणार, केव्हा परतणार आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर उद्यानाच्या अधिकाऱ्यांस कळवावे, एवढे लिहून मागे राहणाऱ्या एका जबाबदार माणसाजवळ द्यावे. रानात मोबाइल चालेल असे धरून चालू नये. उपग्रहामार्फत संदेश धाडणारी यंत्रे आता मिळतात. ती जवळ असणे चांगलेच, पण ती असली तरी कागद लिहावा.

येथवर जे सांगितले ते कोणत्याही चांगल्या मार्गदर्शिकेत मिळेल. आता जे सांगणार आहोत ते आपल्या घरांविषयी आहे, आणि त्यासाठीच आम्ही हा विषय निवडला.

गारठ्याची पहिली लक्षणे ज्याची त्याला कळत नाहीत. तो कापतो, मग त्याची जीभ जड होते, बोटांना बटण लागत नाही, पाय अडखळतात, तो चिडतो किंवा गप्प होतो. दुसऱ्याने ओळखावे लागते. आणि आमच्या समाजात या ओळखण्याच्या आड एक मोठी गोष्ट येते. तिचे नाव भीड. मुलाने सुटी काढली, चार तास मोटार हाकली, परवाना घेतला, त्याचा विरस कसा करावा, म्हणून वडील म्हणतात, "मला काही झालेले नाही रे, चल पुढे." सून गारठलेली असते, पण सासूसासऱ्यांसमोर कुरकूर कशी करावी, म्हणून ती बोलत नाही. मुलासही परत फिरावेसे वाटत असते. पण बाबांचा इतका उत्साह, त्यांचा हिरमोड कसा करावा? असे चौघे जण एकमेकांवरील प्रेमापोटी, कोणालाच नको असलेल्या वाटेने पुढे पुढे चालत राहतात. आम्ही अशा मंडळींबरोबर चाललो आहोत, म्हणून हे सांगतो. चिडून, भांडून जी घरे पुढे जातात त्यांच्यापेक्षा ही प्रेमळ घरे अधिक धोक्यात असतात, कारण तेथे "थांबा" म्हणणारा कोणी नसतो.

यावर उपाय एकच. परत फिरण्याच्या अटी आदल्या रात्री जेवणाच्या टेबलाशी बसून ठरवाव्यात आणि मोठ्याने वाचाव्यात. आम्ही तीन सुचवितो. दुपारी दोनपर्यंत निम्मी वाट सरली नाही, तर परत. कोणाही एकाचा सुका जोड भिजला, तर परत. कोणाचीही हुडहुडी खाऊन, पिऊन, अंग झाकून पाव तासात थांबली नाही, तर वाट जवळची असल्यास परत, आणि दूरची असल्यास तेथेच तंबू. अट एकदा ठरली की परत फिरण्याची विनंती कोणास करावी लागत नाही. घड्याळ सांगते, हुडहुडी सांगते; वडिलांस कमीपणा येत नाही आणि मुलाचा विरस कोणी केला असे होत नाही. आणखी एक रीत पाळावी: दर तासाला थांबून प्रत्येकाने शेजाऱ्याचे हात पाहावेत आणि त्याच्याशी दोन वाक्ये बोलावे. "बरे आहे ना?" असे विचारू नये, त्याचे उत्तर भिडेने नेहमी "हो" असेच येते. "जरा ही गाठ सोड पाहू," असे म्हणावे. बोटे खोटे बोलत नाहीत.

आणि कोणी गारठलाच, तर चालवीत नेऊ नये. तंबू उभारावा, ओले उतरवावे, कोरडे घालावे, पिशवीत निजवावे, शुद्धीवर असल्यास गरम व गोड पेय द्यावे. हातपाय चोळू नयेत. ब्रँडीने ऊब येते हा भ्रम आहे; मद्याने कातडीकडे रक्त धावते आणि आतली ऊब उलट निघून जाते. कापणारा माणूस कापावयाचा थांबला आणि तरी गुंगीत राहिला, तर तो बरा झाला असे समजू नये. ती अधिक गंभीर अवस्था आहे, आणि तेव्हा मदत मागवण्यास क्षणाचाही विलंब लावू नये.

कोणी म्हणेल, इतके मोजूनमापून गेल्यावर रानाची मौज ती काय राहिली? आम्ही त्यांस वारीकडे बोट दाखवू. आळंदीहून पंढरीपर्यंतचे मुक्काम ठरलेले असतात, दिंड्यांचा क्रम ठरलेला असतो, कोणत्या दिवशी कोठे विसावा तेही ठरलेले असते. म्हणूनच वारकऱ्यास वाटेची चिंता नसते आणि तो मोकळ्या गळ्याने गातो. त्याला शिस्तीचे ओझे वाटल्याचे आम्ही ऐकले नाही.

तेव्हा आपणांपैकी जे या उन्हाळ्यात मुलांकडे जाणार असतील त्यांनी जरूर ते रान पाहावे. निघण्यापूर्वी एका संध्याकाळी सर्वांनी एकत्र बसावे, तीन अटी कागदावर लिहाव्यात आणि घरातल्या सर्वांत वडील माणसाने त्याखाली पहिली सही करावी. वडिलांनी सही केली म्हणजे धाकट्यांस "बाबा, आता परत फिरू" म्हणावयास धीर येतो. आणि खरोखर परत फिरावे लागले, तर काही बिघडले असे मानू नये. ती झाडे कित्येक शतके तेथे उभी आहेत. पुढच्या वर्षीही ती तेथेच असतील. आपण सर्वांनी पुढच्या वर्षी असणे, हे महत्त्वाचे.